तारीख कोणी लिहिली? – शाळेसाठी सामायिक कॅलेंडर आणि इंटरनेटवरील शोध



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. शाळेतील गुरुजी, बाई आणि लिपिक यांनी संगणकावर व मोबाईलवर तारखा एकत्र कशा ठेवाव्यात आणि इंटरनेटवर हवी ती माहिती कशी शोधावी, याचा हा धडा आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने शाळेच्या कामात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. पण ऊसतोडीचा कार्यक्रम आमच्या खात्यातून निघतो, आणि टोळीतील लेकरांची शाळा त्या कार्यक्रमावर अवलंबून असते. शिवाय आपल्यापैकी कित्येक सभासद गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. कित्येकांच्या घरात मुलगा किंवा सून शिक्षक आहे. पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस भागातील तांड्यांवरून कित्येक कुटुंबे दरवर्षी बाहेरच्या जिल्ह्यांत कोयत्यावर जातात, तीही आपलीच माणसे. तेव्हा हा विषय आपल्या सर्वांचाच आहे.

आधी आमची चूक

मागच्या एका हंगामातील गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातील गावच्या गुरुजींनी डिसेंबरच्या सुरुवातीस गट कार्यालयातून तोडणी कार्यक्रमाचा कागद नेला. टोळी १८ तारखेला गावात येणार, असे त्यावर होते. टोळीत शाळेच्या वयाची नऊ मुले होती. गुरुजींनी वर्गात जागा केली, जुनी पुस्तके गोळा केली, दुपारच्या आहाराचा हिशेब धरला.

मध्यंतरी अवकाळी पाऊस झाला. वरच्या गावातील काळ्या रानात ट्रॅक्टर जाईना. आम्ही ती टोळी आठ दिवस आधीच या गावात हलवली. गव्हाण रिकामी राहिली नाही म्हणून आम्ही समाधानात होतो. पण गुरुजींच्या भिंतीवर कागद जुनाच होता. टोळीच्या खोपी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नाल्यापलीकडे पडल्या होत्या. गुरुजी १८ तारखेला तेथे गेले, तर फड संपवून टोळी पुढच्या गावी निघालेली. आणि पुढच्या गावच्या शाळेतील कागदावर तीच टोळी जानेवारीत येणार होती. त्यामुळे तेथेही कोणी वाट पाहत नव्हते.

या दोन कागदांच्या मधल्या फटीत नऊ मुलांचा महिना गेला. त्यांत चौथीतील एक मुलगी होती. हंगामाच्या अखेरीस आम्ही तिला फडाच्या बांधावर धाकट्या भावाला घेऊन बसलेली पाहिली. शाळेत का जात नाहीस, असे विचारले. ती म्हणाली, "शाळा सुटली माझी."

गुरुजी आमच्यावर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "साहेब, कागद त तुमचाच होता. पन तो कोन्या तारखेचा, अन् मागून कोनं बदलवला, हे त्याच्यावर कुठी लिवलं होतं?"

हा प्रश्न आम्हाला लागला. काट्यावरची पावती तारखेशिवाय आणि सहीशिवाय आपण कधी घेतो काय? मग शाळेच्या भिंतीवरचा कागद आणि मोबाईलवर आलेली बातमी मात्र आपण तशीच खरी का मानतो? आजच्या धड्याचे दोन्ही भाग या एकाच प्रश्नावर उभे आहेत : हे कोणी लिहिले, आणि केव्हा लिहिले?

साखर कारखाना आणि संगणक : वारणेचे उदाहरण

संगणकाने तारीख कळवणे ही सहकारी साखर कारखान्यांना नवी गोष्ट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा समूहाच्या भागातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे काढण्यात आली. आपल्या उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिल शेतकऱ्याला गावातच कळावे, हा हेतू होता.

पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन शाखेतील मंडळींनी त्या भागात पाहणी केली. गावातील संगणक मुख्यतः उसाच्या या चार-दोन ठरावीक गोष्टींसाठीच वापरला जात होता. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या लघुसंदेशावर तीच माहिती देऊन पाहिली, आणि काम भागले. यातून आम्ही एवढेच घेतो की महाग यंत्र नसले तरी चालते. माहिती एका ठिकाणी नीट लिहिलेली हवी आणि ती विचारणाऱ्याला लगेच मिळायला हवी. आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात जो मोबाईल आहे, तो या कामाला पुरेसा आहे.

भाग पहिला : सामायिक कॅलेंडर

सामायिक कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडरच. फरक असा की भिंत एक असते आणि पाहणारे अनेक गावांत असतात. एकाने तारीख बदलली की ती सर्वांच्या मोबाईलवर बदलते. गूगल कंपनीचे कॅलेंडर २००६ सालापासून चालू आहे. ते विनामूल्य आहे व मराठीतही दिसते. शिक्षकांजवळ बहुधा जीमेलचे खाते असतेच, म्हणून येथे त्याचेच उदाहरण घेतो. दुसऱ्या कंपन्यांच्या कॅलेंडरचीही रीत साधारण अशीच असते.

कोणी विचारील, व्हॉट्सॲपचा गट असताना हे कशाला? उत्तर असे की व्हॉट्सॲपवर तारीख वाहून जाते. सकाळी पाठवलेली तारीख संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली जाते. दुरुस्ती आली तरी जुना निरोप तसाच फिरत राहतो, आणि कोणता आधीचा व कोणता नंतरचा हे कळत नाही. व्हॉट्सॲप निरोपासाठी ठेवावे. तारखेसाठी कॅलेंडर वापरावे.

*मांडणी अशी करावी :*

१) प्रथम शाळेच्या नावाने एक खाते काढावे. कॅलेंडर त्या खात्यावर करावे, एखाद्या शिक्षकाच्या खासगी खात्यावर करू नये. गुरुजींची बदली झाली की कॅलेंडरही त्यांच्याबरोबर जाते, असे दोन शाळांत घडलेले आम्ही पाहिले आहे. खात्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे असावा. पदभार देताना तोही रीतसर द्यावा आणि नव्या मुख्याध्यापकांनी तो बदलावा.

२) हे काम संगणकावर करणे सोपे जाते. गूगल कॅलेंडर उघडले की डाव्या बाजूस 'इतर कॅलेंडर' असे दिसते. त्याशेजारी अधिकचे चिन्ह असते. ते दाबून नवीन कॅलेंडर तयार करावे. नाव स्पष्ट द्यावे. नुसते 'शाळा' असे न लिहिता गावासह लिहावे. वेळ भारतीय प्रमाणवेळच आहे ना, हे त्याच पानावर पाहून घ्यावे.

३) त्यानंतर त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन सहकाऱ्यांचे ईमेल पत्ते एकेक करून घालावेत. प्रत्येकाला कोणता अधिकार द्यायचा, हे तेथेच विचारले जाते. कोणाला फक्त पाहता येते, कोणाला बदल करता येतो, तर कोणाला इतरांनाही जोडता येते. बदलाचा अधिकार दोघांनाच द्यावा. बाकी सर्वांना पाहण्याचा अधिकार पुरे. काट्यावर सगळेच वजन लिहू लागले तर काय होईल, याची कल्पना सभासदांना आहेच.

४) ज्याला जोडले, त्याच्या ईमेलवर एक पत्र जाते. त्यातील दुवा त्याने दाबल्याशिवाय कॅलेंडर त्याच्या यादीत येत नाही. "आम्हाले दिसतच नाई" ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने येते.

५) आठवणीची घंटा ज्याची त्याने लावायची असते. एकाने लावलेली आठवण दुसऱ्याच्या मोबाईलवर वाजेलच असे धरून चालू नये. प्रत्येकाने आपल्या मोबाईलवर त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये आठवण लावून घ्यावी. आमचा सल्ला असा : एक आठवण सात दिवस आधी, दुसरी एक दिवस आधी.

*तारीख लिहिण्याचे नियम :*

(अ) एका तारखेला एकच मालक असावा. टोळी कोणत्या गावात केव्हा येणार, हे आमचे गट कार्यालय लिहील. परीक्षा, सुट्ट्या, पालकसभा आणि समितीची बैठक शाळा लिहील. ही दोन वेगळी कॅलेंडरे राहतील, पण एकाच पडद्यावर दोन रंगांत एकावर एक दिसतील. टोळीची तारीख शाळेने बदलू नये आणि परीक्षेची तारीख आम्ही बदलू नये.

(आ) नोंदीच्या नावात गाव आधी लिहावे, मग टोळीचा क्रमांक, मग 'अंदाजे' किंवा 'पक्की' हा शब्द. हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तोडणी कार्यक्रम हा लागणीच्या नोंदीवरून बसवलेला अंदाज असतो. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा, सुरू साधारण वर्षाचा होऊन तोडीस येतो. मग फडात जाऊन रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहतो आणि पाळी लावतो. पाऊस, यंत्रातील बिघाड, मजुरांची कमतरता यांनी ती पाळी पुढे-मागे होते. तेव्हा तीन आठवडे आधी लिहिलेली तारीख 'अंदाजे' समजावी. टोळीला नव्या गावाची तोडणी चिठ्ठी दिली की आम्ही ती 'पक्की' करू.

(इ) तारीख बदलली तर नवी नोंद करू नये. जुनीच नोंद उचलून नव्या दिवसावर न्यावी. नाही तर जुनी आणि नवी अशा दोन्ही राहतात, आणि आम्ही केलेली कागदाची चूक आता पडद्यावर होते. नोंदीच्या तपशिलात एक ओळ लिहावी : कोणी बदलली, केव्हा बदलली आणि कशामुळे.

(ई) महिना अक्षरांत लिहावा. ३/११ हे कोणाला ३ नोव्हेंबर वाटते, तर अमेरिकन रीतीने चालणाऱ्या संगणकाला ११ मार्च वाटते. 'नोव्हेंबर' असे लिहिले की भानगड उरत नाही.

(उ) चुकून नोंद पुसली गेली तर घाबरू नये. संगणकावर कॅलेंडरच्या कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते व तेथून परत आणता येते.

(ऊ) दर सोमवारी त्या महिन्याचे पान छापून सूचना फलकावर लावावे आणि जुने पान काढून टाकावे. छापील पानाच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख व सही करावी. सर्वांकडे स्मार्टफोन नसतो. स्वयंपाकीण मावशी, मुकादम, गावातील आजोबा यांना कागदच वाचता येतो. शिवाय आपल्या भागात वीज आणि रेंज दोन्ही रुसतात. रेंज नसताना मोबाईलमध्ये आधी उतरलेल्या तारखा दिसतात खऱ्या, पण नंतर झालेला बदल दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

*एक सावधगिरी :* कॅलेंडर 'सार्वजनिक' करण्याची एक खूण तेथे असते. ती लावू नये. ती लावली की जगातील कोणालाही ते दिसू शकते. टोळीतील बायाबापड्या आणि लेकरे उघड्या रानात, खोपीत राहतात. कोणती मुले कोठे आहेत, हे चारचौघांत मांडण्याची गोष्ट नव्हे. कॅलेंडर खासगी असले तरीही त्यात मुलांची नावे, आधार क्रमांक, पालकांचे फोन लिहू नयेत. 'पहिली ते पाचवी : सहा मुले' एवढे पुरे. नावे शाळेच्या हजेरीपटावर राहतील.

भाग दुसरा : इंटरनेटवर शोध कसा घ्यावा

गेल्या महिन्यात आम्ही एका शनिवारी गट कार्यालयात जवळच्या शाळांतील शिक्षकांबरोबर दोन तास बसलो. प्रत्येकाला एकच प्रश्न दिला : गाळप हंगाम केव्हा सुरू होतो, ते शोधा. पाच मिनिटांत दोन उत्तरे आली. काहींना १५ नोव्हेंबर मिळाले, काहींना १ नोव्हेंबर. दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या! २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ पासून आणि २०२५-२६ चा १ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्री समितीने घेतला होता. उत्तर चुकले नव्हते. ते कोणत्या सालचे, हे पाहायचे राहिले होते.

उसाच्या रास्त व किफायतशीर दराचेही असेच होते. १०.२५ टक्के उताऱ्यासाठी तो २०२४-२५ ला टनास ३,४०० रुपये आणि २०२५-२६ ला ३,५५० रुपये होता. साल न पाहता आकडा उचलला की टनामागे दीडशे रुपयांचा फरक पडतो. शाळेत असे झाले तर शिष्यवृत्तीची मुदत हुकते किंवा रद्द झालेला नियम पालकांना सांगितला जातो. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१) *प्रश्न नव्हे, कागदातील शब्द लिहावेत.* 'ऊसतोडीवाल्या पोरांना राहायची सोय कुठे मिळेल' असे लिहिण्यापेक्षा 'ऊसतोड कामगार हंगामी वसतिगृह शासन निर्णय' असे लिहावे. सरकारी कागदात जे शब्द असतील तेच आपण लिहिले तर कागद लवकर सापडतो.

२) *शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावा.* 'वसतिगृह' आणि 'वसतीगृह', 'ऊसतोड' आणि 'ऊसतोडणी', शिवाय तोच शब्द इंग्रजीत. जुन्या सरकारी कागदांपैकी बरेच नुसते फोटो काढून चढवलेले असतात किंवा जुन्या मराठी टंकांत असतात. त्यांतील अक्षरे शोधयंत्राला वाचता येतातच असे नाही. तेव्हा नुसते न सापडल्याने 'असा निर्णयच नाही' असे समजू नये. खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन तारखेच्या यादीतून पाहावे.

३) *नेमके शब्द अवतरणचिन्हांत घालावेत.* "शिक्षण हमी पत्रक" असे दुहेरी अवतरणांत लिहिले की तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पाने पुढे येतात. नको असलेला शब्द असेल तर त्याच्या आधी वजाचे चिन्ह द्यावे. चिन्ह आणि शब्द यांमध्ये जागा सोडू नये.

४) *फक्त सरकारी पानांत शोधावे.* शोधाच्या शब्दांपुढे इंग्रजीत 'साइट' हा शब्द, लगेच कोलन आणि त्याला जोडून 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असे इंग्रजीत लिहिले, तर राज्य शासनाच्या पानांतीलच उत्तरे येतात. येथे आमच्या वर्गात अर्धा तास गेला, म्हणून मुद्दाम सांगतो. मराठी कळफलकावरील विसर्ग आणि इंग्रजी कोलन दिसायला सारखे, पण यंत्राला ते दोन वेगळे आहेत. कोलन इंग्रजी कळफलकावरूनच घ्यावा आणि त्याच्या मागे-पुढे जागा सोडू नये.

५) *काळाची चाळणी लावावी.* उत्तरे आल्यावर वरच्या बाजूस 'साधने' असा शब्द दिसतो. तो दाबला की 'गेला महिना', 'गेले वर्ष' अशी निवड करता येते. चालू नियम हवा असेल तर ही चाळणी लावल्याशिवाय राहू नये.

६) *शासन निर्णय पाहताना चार जागा पाहाव्यात :* वरती खाते, निर्णयाचा क्रमांक, तारीख आणि शेवटी दिलेला संगणक संकेतांक. या संकेतांकाचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना आणि दिवस यांचेच असतात, आणि ते निर्णयाच्या तारखेशी साधारण जुळतात. व्हॉट्सॲपवर आलेला निर्णय हा संकेतांक घेऊन शासनाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. तेथे सापडला तरच फलकावर लावावा. तो नंतरच्या निर्णयाने बदलला तर नाही ना, हेही पाहावे.

७) *'प्रायोजित' हा शब्द ओळखावा.* पहिल्या एक-दोन उत्तरांवर कित्येकदा हा शब्द बारीक अक्षरांत असतो. म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे. बाजारात पहिले दुकान लागले म्हणून माल चांगला असे आपण धरत नाही. तसेच येथे समजावे.

८) *फोन क्रमांक शोधयंत्रावरून घेऊ नये.* एका शाळेतील लिपिकभाऊंनी बँकेच्या मदत केंद्राचा क्रमांक इंटरनेटवर शोधला. वरती दिसला तो लावला. समोरचा गोड बोलला, मोबाईलमध्ये एक ॲप घ्यायला लावले, आलेला ओटीपी विचारला आणि ४,९०० रुपये गेले. ते पैसे शाळेच्या स्नेहसंमेलनाचे होते. भाऊंनी लाजेने दोन दिवस कोणाला सांगितले नाही. तेच नुकसानीचे झाले. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. फसवणारा लाजत नाही. फसलेल्याने काय म्हणून लाजावे?

९) *यंत्राने तयार केलेले उत्तर.* हल्ली शोधाच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धीने जुळवलेले उत्तर येते. वाचायला सोपे, मराठीही बरी. पण ते अनेक पानांतून वेचलेले असते आणि त्यात जुने-नवे मिसळू शकते. त्याच्याजवळ दिलेले मूळ पान उघडून तारीख पाहावी. मूळ पान सापडत नसेल तर ते उत्तर पारावरच्या गप्पांइतकेच धरावे.

दोन्ही भाग एकत्र कसे वापरावेत

एक उदाहरण घेऊ. टोळीत एक मूल आले. त्याच्याजवळ आधीच्या शाळेचा दाखला नाही. त्याला शाळेत घ्यावे की नाही, असा प्रश्न बाईंपुढे आला. कोणी म्हणाले, दाखला आणल्याशिवाय घेता येत नाही. बाईंनी काय करावे?

शोधयंत्रावर 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९' असे शोधावे आणि सरकारी संकेतस्थळावरील प्रत उघडावी. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमात मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे. आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यावा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू नये वा नाकारू नये, असे त्यात आहे. चौथ्या कलमानुसार मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवायचे असते. म्हणजे प्रश्न सुटला. मूल त्याच दिवशी वर्गात बसेल.

आता कॅलेंडर उघडावे. ही टोळी पुढे कोणत्या गावी जाणार आणि केव्हा, हे तेथे दिसेल. त्या तारखेच्या दोन दिवस आधी बाईंनी पुढच्या शाळेला फोन करून कळवावे : इतकी मुले, अमुक इयत्ता, पुस्तकातला अमुक धडा झाला आहे. एवढे केले तर पुढच्या गावातही मूल दुसऱ्या दिवशी वर्गात बसेल. त्या नऊ मुलांच्या वेळी नेमके एवढेच झाले नाही.

सभासदांनाही यात काम आहे. आपल्या फडात टोळी उतरली की खोपीत किती लेकरे आहेत, हे सर्वांत आधी आपल्याला दिसते. गावच्या शाळेत एक फोन करावा. आपल्याच तांड्यावरून बाहेर गेलेल्या लेकरांसाठी तिकडच्या कोणी शेतकऱ्याने असाच फोन करावा, असे आपल्याला वाटते ना?

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

• कॅलेंडर शाळेच्या खात्यावर, बदलाचा अधिकार दोघांना, बाकी सर्वांना पाहण्याचा.
• एका तारखेला एक मालक. 'अंदाजे' की 'पक्की' हे लिहावेच.
• बदल करताना जुनी नोंद हलवावी, कोणी व का बदलली ते लिहावे.
• मुलांची नावे कॅलेंडरवर नकोत. कॅलेंडर सार्वजनिक करू नये.
• शोधलेल्या प्रत्येक उत्तराचे साल आणि लिहिणारा पाहावा.
• फोन क्रमांक पासबुकावरून घ्यावा. फसवणूक झाल्यास लगेच १९३०.

गृहपाठ

पुढील अंक येईपर्यंत प्रत्येक शाळेने दोन कामे करून पाहावीत. पहिले, शाळेचे कॅलेंडर तयार करून त्यात पुढील तीन महिन्यांच्या किमान दहा तारखा लिहाव्यात. दुसरे, आपल्या सूचना फलकावर आज जे कागद आहेत ते सर्व उतरवून त्यांवरील तारीख व सही पाहावी. ज्यावर ती नाही तो कागद परत लावू नये. आमच्या गट कार्यालयाच्या भिंतीवर आम्ही हे करून पाहिले. अकरा कागद होते, त्यांतले चार उरले. काढलेल्या सातांपैकी तीन आमच्याच खात्याचे होते.

या हंगामापासून टोळ्यांचे गटवार कॅलेंडर आमचे खाते ठेवणार आहे. ज्या शाळांना ते पाहायचे आहे त्यांनी शाळेच्या खात्याचा ईमेल पत्ता जवळच्या गट कार्यालयात लेखी द्यावा. ज्यांना संगणक चालवण्याची सवय नाही त्यांनी संकोच करू नये. आम्हीही चाळिशी उलटल्यावर हे शिकलो, आणि शिकवणारी होती सातवीतील पुतणी. शनिवारी दुपारी दोन ते चार या वेळात गट कार्यालयात आमचा माणूस बसेल. मोबाईल बरोबर आणावा.

आणि एक विनंती. आम्ही लिहिलेली तारीख चुकीची आढळली, टोळी आली आणि कॅलेंडरवर नोंद नाही, असे झाले, तर गुरुजींनी भीड न धरता त्याच दिवशी आम्हाला सांगावे. राग येणार नाही. त्या नोंदीखाली आमचे नाव असेल, तेव्हा जाब कोणाला विचारायचा हे शोधावे लागणार नाही.

– ऊस विकास अधिकारी